हलण्याच्या मोजणीची कुळकथा

पुरुषोत्तमनगर हे शहादा तालुक्यातलं, साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना, उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी आणि मधे पसरलेली काळी जमीन. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आक्रसते, तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेलं घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. भिंतीतली तड पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. त्यामुळे ‘बांधकाम हलतं’ असं कुणी म्हणालं तर तापीकाठी कुणाला नवल वाटत नाही. इथले प्रश्न त्यापुढचे आहेत. किती हललं? कोणत्या बाजूला? आणि हललेलं पुन्हा जागेवर आलं का?

या प्रश्नांना मिळालेलं अलीकडचं उत्तर म्हणजे तिपाईवर बसवायचा लेझर स्कॅनर. हे यंत्र स्वतःभोवती फिरतं, त्यातला आरसा वरखाली फिरतो आणि प्रकाशाची बारीक रेघ समोरच्या भिंतीवर, खांबावर, धुराड्यावर पडून परत येते. प्रत्येक परतीबरोबर एका बिंदूचं अंतर आणि दिशा नोंदली जाते. आजची यंत्रं सेकंदाला लाखो बिंदू नोंदतात. थोड्या वेळात समोरचं सगळं बांधकाम कोट्यवधी बिंदूंच्या रूपात संगणकात उतरतं. काही महिन्यांनी हेच पुन्हा करायचं, दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवायच्या आणि फरक पाहायचा.

या तंत्राचा इतिहास बहुतेक वेळा लेझरच्या शोधापासून सांगतात. मला ती सुरुवात फार उशिराची वाटते. लेझर या घराण्यात नंतर आला. मूळ पुरुष शोधायचा तर ज्याला पहिल्यांदा वाटलं की एकदा मोजून भागणार नाही, तिथेच परत येऊन मोजायला हवं, त्याच्यापर्यंत मागे जावं लागतं.

तो बहुधा गवंडी असावा. गवंड्याच्या पिशवीतला ओळंबा आणि गुण्या भिंत बांधताना लागतात, पण ओळंबा बांधून झाल्यावरही कामाचा असतो. भिंतीला पोट आलं असं वाटलं की गवंडी वरून दोरी सोडतो आणि दोरी व भिंत यांतलं अंतर बोटांनी पाहतो. पुढच्या वर्षी तीच दोरी त्याच खिळ्यावरून सोडली की पोट वाढलं की तेवढंच आहे ते कळतं. तड गेलेल्या भिंतीवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवायची आणि तिच्यावर तारीख टाकायची, ही पद्धत आपल्याकडे कितीतरी सरकारी इमारतींत वापरली गेली. काच तडकली की तड जिवंत आहे असं समजायचं. साधं, स्वस्त आणि खोटं न बोलणारं साधन. मात्र काच फक्त ‘हललं’ एवढंच सांगते, किती आणि कुठल्या दिशेला ते नाही.

ओळंबा पुढे मोठ्या धरणांच्या पोटात शिरला. काँक्रीटच्या धरणात माथ्यापासून खालपर्यंत उभी विहीर ठेवतात, तिच्यात तार आणि तिच्या टोकाला वजन सोडतात, आणि वेगवेगळ्या उंचीवर तार भिंतीपासून किती सरकली ते वाचतात. जलाशय भरला की माथा नदीच्या खालच्या अंगाला थोडा झुकतो, पाणी उतरलं की परत येतो. निरोगी धरण असं दरवर्षी हलतं. न हलणाऱ्या धरणापेक्षा, हलून परत न येणाऱ्या धरणाची काळजी करायची असते.

ओळंब्याला एक मर्यादा आहे. तो ज्या खिळ्यावरून सोडला तो खिळाच सरकला तर? म्हणजे ज्या खुणेवरून मोजायचं ती स्थिर हवी आणि मोजायच्या वस्तूपासून दूर हवी. दुरून, स्थिर खुणेवरून, कोनांच्या आधारे मोजण्याची शिस्त भारताने एका प्रचंड खटाटोपातून पाहिली. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. त्याचा कोन मोजायचा, अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट तंजावरच्या देवळावर चढवताना १८०८ मध्ये आपटला आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. लॅम्बटनने तंबूत बसून ती आठवडेच्या आठवडे खपून पुन्हा सरळ केली. हा माणूस काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने त्रिकोणांची ती साखळी वऱ्हाडातून हिमालयापर्यंत नेली. विदर्भातल्या किती मुलांना शाळेत हे सांगतात? सांगायला हवं.

लॅम्बटन बांधकामाचं हलणं मोजत नव्हता, पृथ्वीचा आकार मोजत होता. तरीही आपल्या कुळकथेत त्याला मानाची जागा आहे, कारण त्याच्या सर्वेक्षणाने तीन सवयी रुजवल्या. खूण पक्क्या दगडावर कोरायची. प्रत्येक कोन अनेकदा वाचायचा. आणि मोजमाप किती चुकू शकतं हे मोजमापाशेजारीच लिहून ठेवायचं. या सर्वेक्षणातच हेही उघड झालं की हिमालयाच्या वस्तुमानामुळे ओळंबासुद्धा किंचित तिकडे ओढला जातो. १८५५ मध्ये कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्याने त्याचं गणित मांडलं. ज्याला आपण सरळपणाचा शेवटचा शब्द मानत होतो, तोही तपासून घ्यावा लागतो हे तेव्हा कळलं.

दरम्यान युरोपात धरणं हलताना दिसू लागली होती. फ्रान्समध्ये ग्रोबोआ नावाचं दगडी धरण बांधून झाल्यावर सरकू लागलं, आणि १८५३ मध्ये त्याच्या सरकण्याच्या नोंदी घेतल्या गेल्या. धरणाचं हलणं मोजल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये त्या गणल्या जातात. १८९१ मध्ये जर्मनीतल्या एशबाख धरणावर सर्वेक्षणाच्या उपकरणांनी अशीच मोजणी झाली. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडने ही मोजणी नियमित कामाचा भाग केली. धरणाच्या अंगावर खुणा रोवायच्या, दरीच्या पलीकडे खडकात भक्कम खांब उभारायचे, आणि दरवर्षी त्याच खांबावर थिओडोलाइट ठेवून त्याच खुणा वाचायच्या. हे काम मिलिमीटरच्या हिशेबात होऊ लागलं.

मोजणी होती म्हणून सगळं सुरक्षित राहिलं, असं मात्र झालं नाही. इटलीत वायोंत धरणाच्या जलाशयाकाठचा डोंगर घसरत होता आणि त्याच्या घसरण्याच्या वेगाची नोंद वर्षानुवर्षं चालू होती. ऑक्टोबर १९६३ च्या सुरुवातीला तो वेग दिवसाला वीस सेंटिमीटरच्या घरात गेला. ९ ऑक्टोबरच्या रात्री अख्खा डोंगर जलाशयात कोसळला, पाण्याची लाट धरणावरून उसळली आणि खालच्या गावांतली सुमारे दोन हजार माणसं गेली. धरण मात्र आजही उभं आहे. आकडे खरे होते. ते वाचून गावं वेळेवर रिकामी करायचा निर्णय झाला नाही.

आपल्याकडच्या दोन घटना याच काळातल्या. १२ जुलै १९६१ च्या पहाटे पानशेतचा मातीचा बांध खचत असताना तो डोळ्यांनी दिसत होता. जवान वाळूची पोती रचत होते आणि बांध त्यांच्या पायाखाली बसत होता. सकाळी तो फुटला, पाठोपाठ खालचं खडकवासला धरण गेलं आणि पुण्यात पाणी शिरलं. मोजमापाच्या भाषेत सांगायचं तर बांधाचं बसणं दिसू लागलं तेव्हा माणसांच्या हातात फक्त काही तास उरले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या न सांडणाऱ्या भागाला, जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या उंचीवर, आडव्या भेगा पडल्या. धरण टिकलं, भेगा भरल्या गेल्या, मागून भक्कम टेकू दिले गेले. हा उतार बदलण्याचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बांधकाम सगळीकडे सारखं हलत नाही. जिथे आकार बदलतो, जुनं नव्याला जोडतं, माती दगडाला भिडते, तिथे ते आधी बोलतं. पण अशा ठिकाणी आधीच खूण रोवलेली असेल याचा भरवसा नसतो. शंभर मीटर उंच, आठशे मीटर लांब भिंतीवर चाळीस खुणा रोवल्या तरी मधली सगळी भिंत न मोजलेलीच राहते. जुन्या पद्धतीचं हे दुखणं होतं, आणि त्यावरचं औषध प्रकाशाकडून आलं.

प्रकाशाने अंतर मोजण्याची शाखा वेगळ्याच घरात वाढली. १८४९ मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसजवळच्या सुरेन इथून मोंमार्त्रच्या टेकडीकडे प्रकाश पाठवला. वाटेत जोरात फिरणारं दातेरी चाक ठेवलं होतं. प्रकाश एका खाचेतून जायचा, साडेआठ किलोमीटरवरच्या आरशावर आपटून परत यायचा, आणि चाकाचा वेग साधला की परतताना त्याच्यासमोर दाता यायचा. अंतर माहीत होतं, त्यावरून त्याने प्रकाशाचा वेग काढला. जवळजवळ शंभर वर्षांनी स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रँडने हेच गणित उलटं केलं. प्रकाशाचा वेग आता चांगला माहीत होता, तेव्हा त्यावरून अंतर का काढू नये? दातेरी चाकाच्या जागी त्याने विजेवर उघडझाप करणारी व्यवस्था बसवली. त्यातून जिओडीमीटर हे यंत्र आलं, आणि १९५० च्या आसपासपासून सर्वेक्षक डोंगरमाथ्यांवरून, बहुधा रात्रीच्या अंधारात, किलोमीटरच्या अंतरांची मोजणी प्रकाशाने करू लागले. लोखंडी साखळी ओढत शेतं तुडवण्याचे दिवस संपत आले.

मग १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर पेटवला. न फाकणारा, एकाच रंगाचा, नेमक्या क्षणी सोडता येणारा प्रकाश मिळाला. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवला, आणि तेव्हापासून पृथ्वीवरून लेझर सोडून चंद्राचं अंतर मोजलं जातं. चंद्रावर जे जमलं ते शेजारच्या भिंतीवर जमणं उलट अवघड होतं, आणि याचं कारण वेळ. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. जाऊन येण्याचा हिशेब धरला तर घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकलं की अंतर पंधरा सेंटिमीटरने चुकतं. मिलिमीटर हवा असेल तर सुमारे पावणेसात पिकोसेकंद ओळखावे लागतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. त्यात भर म्हणजे इथे चंद्रासारखा आरसा नाही. खरखरीत, काळपट, ओल्या भिंतीवरून जेवढा प्रकाश माघारी येईल तेवढ्यावर काम भागवायचं. इलेक्ट्रॉनिक्स तिथवर पोहोचायला तीस-पस्तीस वर्षं लागली.

आणखी एक शाखा छायाचित्रांची. १८५८ मध्ये आल्ब्रेख्त मायडेनबावर हा तरुण जर्मन वास्तुरचनाकार वेट्स्लारच्या कॅथीड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. अंगावर काटा आणणाऱ्या त्या क्षणानंतर त्याने ठरवलं की इमारतीवर चढून मोजण्यापेक्षा तिची छायाचित्रं घ्यावीत आणि छायाचित्रांवरून मोजावं. त्याचं हे शास्त्र पुढे हवाई छायाचित्रणातून नकाशे काढण्यापर्यंत गेलं. या शाखेने घराण्याला दिलेली देणगी मोलाची आहे. निवडक खुणांऐवजी सगळा पृष्ठभाग एकदम टिपायचा, आणि काय मोजायचं ते नंतर, शांतपणे, टेबलाशी बसून ठरवायचं.

१९९० च्या दशकात खुणांची, प्रकाशाची आणि छायाचित्रांची या तिन्ही शाखा एका यंत्रात आल्या. ते घडवणाऱ्यांत पुढे होता बेन कासिरा, इराकमधल्या मोसुलला जन्मलेला आणि अमेरिकेत गेलेला सिव्हिल इंजिनीअर. कारखाने आणि अणुवीज केंद्रांतली कामं करताना त्याला कळलं होतं की नकाशावरचा कारखाना आणि उभा असलेला कारखाना यांत फार फरक असतो. नळ वळवलेले असतात, तुळया बदललेल्या असतात, आणि नकाशावर त्याचा पत्ता नसतो. जे उभं आहे ते जसंच्या तसं टिपायचं यंत्र त्याच्या सायरा कंपनीने बनवलं आणि १९९८ च्या सुमारास बाजारात आणलं. २००१ मध्ये लायका या स्विस उपकरण कंपनीने सायरा विकत घेतली. त्याच वर्षी अफगाणिस्तानात बामियानचे प्राचीन बुद्धपुतळे उडवले गेले. लहानपणी वडिलांबरोबर मोसुलजवळच्या प्राचीन निनवेचे अवशेष पाहिलेल्या कासिराने मग २००३ मध्ये सायआर्क ही संस्था काढली, जगातला वारसा नष्ट होण्याआधी स्कॅन करून ठेवण्यासाठी. आपल्या शेजारच्या गुजरातेत पाटणची राणी की वाव २०११ मध्ये अशीच स्कॅन झाली.

पॅरिसचं उदाहरण यापेक्षाही बोलकं आहे. अँड्र्यू टॅलन या अमेरिकी कला-इतिहासकाराने २०१० च्या सुमारास नोत्र दाम कॅथीड्रल पन्नासेक जागांवरून स्कॅन केलं. अब्जावर बिंदू जमले. त्याला त्या देवळाचे खांब कुठे कलले, बांधता बांधता गवंड्यांनी कुठे सावरून घेतलं, हे समजून घ्यायचं होतं. २०१८ मध्ये तो वारला. १५ एप्रिल २०१९ ला देवळाला आग लागली तेव्हा आगीआधीचं नोत्र दाम मिलिमीटरच्या तपशिलात या माणसाच्या नोंदींत शिल्लक होतं.

आता या कथेतलं अवघड वळण. थिओडोलाइटवाला दरवर्षी तीच खूण वाचत होता. स्कॅनर तसं करू शकत नाही. आज त्याचा किरण विटेच्या ज्या कणावर पडला, त्याच कणावर पुढच्या वर्षी पडेल याची मुळीच शक्यता नाही. दोन्ही वेळचे कोट्यवधी बिंदू वेगवेगळे. मग ‘हललं’ म्हणायचं कशाच्या आधारे? सुरुवातीला संशोधक जवळच्या बिंदूपासून जवळच्या बिंदूचं अंतर काढत. खडबडीत पृष्ठभागावर त्यातून भलतेच आकडे निघत. २०१३ मध्ये लाग, ब्रोदू आणि लरू या फ्रेंच संशोधकांनी न्यूझीलंडच्या रांगितिकेई नदीचे कडे कसे झिजतात ते मोजता मोजता एक रीत बसवली. प्रत्येक जागी आधी पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते ठरवायचं, त्या दिशेत एक बारीक नळकांडं कल्पायचं, दोन्ही वेळच्या त्यातल्या बिंदूंची सरासरी घ्यायची आणि त्या दोन सरासऱ्यांतलं अंतर मोजायचं. सोबत, हा फरक खरा मानायला किती मोठा असायला हवा, तेही प्रत्येक जागी काढायचं. नदीकाठच्या कड्यांसाठी शोधलेली ही रीत आज भिंतींसाठी, बोगद्यांसाठी, धरणांसाठी वापरली जाते. लॅम्बटनच्या तंबूतली तिसरी सवय, माप किती चुकू शकतं हे मापाशेजारी लिहिण्याची, इथे पुन्हा भेटते. २०१३ च्या आधी काही वर्षं इटलीच्या आल्प्समधल्या कान्कानो धरणाच्या स्कॅनवरून दिसलं होतं की जलाशयाच्या वेगवेगळ्या पातळ्यांना भिंत कशी वाकते याचं चित्र सबंध भिंतीसाठी मिळू शकतं, फक्त खुणांपुरतं नाही.

हे सगळं पुरुषोत्तमनगरात आणून पाहू. समजा, साखर कारखान्याचं उंच धुराडं मोजायचं आहे. धुराड्याच्या चहूबाजूंनी स्कॅन घ्यायचे, जोडायचे, आणि दर मीटरला आडवा काप घ्यायचा. प्रत्येक कापाचं वर्तुळ जुळवून त्याचा मध्य काढायचा. सगळे मध्य खालून वर जोडले की जी रेघ निघते ती धुराड्याचा खरा कणा. ती कुठे कलली, कुठे वाकली ते दिसतं. वर्तुळ लांबट झालं असेल तर तिथे पोट आलं आहे.

पण इथे उन्हाचा हिशेब धरावा लागतो. सकाळचं ऊन पूर्वेची बाजू तापवतं, ती बाजू प्रसरण पावते आणि धुराडं पश्चिमेकडे झुकतं. दुपारनंतर उलट. काँक्रीटचा तीस मीटरचा गाळा हिवाळ्यातल्या पहाटेपासून खानदेशी उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्तच लांबतो. गळीत हंगामात धुराडं आतूनही तापलेलं असतं. त्यामुळे मोजणी सूर्योदयाआधी करावी, आणि बंद हंगामाची तुलना बंद हंगामाशीच करावी. लेझरला उजेड लागत नाही, ही सोय आहे. हवेत बगॅस, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा, उडत असेल, जमिनीवरून तापलेली हवा थरथरत असेल, तर किरण बिथरतो. हेही पहाटेच्याच बाजूने बोलतं.

दुसरी अडचण त्याच काळ्या जमिनीची. स्कॅन जोडायला आणि पुढच्या वर्षीच्या मोजणीशी जुळवायला स्थिर खुणा लागतात. त्या जमिनीच्या वरच्या थरात रोवल्या तर त्या स्वतःच पावसाळ्यात वर येतील, उन्हाळ्यात खाली जातील, आणि आपण धुराडं हललं म्हणून घाबरू. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच खाली फुगवटा असलेले पायाचे खुंटे विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे ओल बारमाही सारखी राहते त्या थरापर्यंत नेतात. मोजणीचे खांबही तसेच खोल न्यावेत, मुरूम लागेपर्यंत. अनेक ठिकाणी मोजणी फसते ती महागड्या यंत्रामुळे नाही, अशा उथळ खुणांमुळे.

मळीच्या टाक्यांकडे तर कारखान्यांनी आवर्जून पाहावं. १५ जानेवारी १९१९ ला अमेरिकेत बॉस्टन शहरात मळीची एक मोठी टाकी फुटली. रस्त्यातून मळीची लाट धावली आणि २१ माणसं मेली. ती टाकी पहिल्यापासून झिरपत होती. झिरपलेली मळी दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंग दिला होता. टाकी गोल आहे की एका अंगाने फुगली, तळ सगळीकडे सारखा बसला की एका कडेला, हे आज स्कॅनर तासाभरात दाखवतो. अशा टाक्या आपल्या सगळ्या कारखान्यांत आहेत.

तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेज आहेत. सप्टेंबर २०२३ च्या पुरात सारंगखेड्याच्या पुलाजवळचा भराव वाहून गेला आणि शहादा-दोंडाईचा रस्ता तुटला. पूल आणि भराव जिथे भेटतात तिथेच ते झालं, जिथे दगडी-काँक्रिटी काम मातीला भिडतं. अशा सांध्यांवर दर पावसाळ्याआधी आणि नंतर स्कॅन घेतला तर भराव किती बसतो आहे ते नकाशावर रंगांत दिसेल. मात्र या यंत्राकडून भलती अपेक्षा ठेवू नये. त्याचा किरण पाण्याखालचं पाहत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या बसगाड्यांमधली माणसं गेली. पुरात खांबाच्या पायाखालची माती नदी पाण्याआड उकरते. ती पाहायला पाण्यात ध्वनिलहरी सोडणारी उपकरणं लागतात, आणि पाणबुडे लागतात. वरचा खांब कलू लागला तर स्कॅनर सांगेल, पण तेव्हा फार वेळ उरलेला नसतो. आणि दोन-तीन मिलिमीटरच्या खालचं हलणं त्याच्या मोजमापातल्या गोंगाटात बुडून जातं. तिथे धरणातला लोंबता ओळंबा अजूनही अधिक विश्वासाचा आहे. घराण्यातली जुनी माणसं अजून कामावर आहेत, आणि राहावीत.

२०१९ च्या राष्ट्रीय नोंदवहीत देशातल्या ५,७४५ मोठ्या धरणांपैकी २,३९४ महाराष्ट्रातली होती. इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. यातली बहुतेक मातीची आहेत. त्याच वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या मालकांवर उपकरणं बसवण्याची, त्यांच्या नोंदी ठेवण्याची आणि पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करण्याची जबाबदारी टाकली आहे. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करतं आहे. माणसं आहेत, ज्ञान आहे. कमी पडते ती सुरुवातीची नोंद. तड गेल्यावर, भराव खचल्यावर, वर्तमानपत्रात फोटो आल्यावर स्कॅनर बोलावला जातो, आणि तेव्हा तो अगदी बारकाईने सांगतो की बांधकाम आज असं आहे. पूर्वी कसं होतं हे त्याला ठाऊक नसतं. तुलनेला काही नसेल तर कोट्यवधी बिंदूंचं चित्र शेवटी चित्रच राहतं.

म्हणून पहिला स्कॅन बांधकाम ठणठणीत असताना घ्यायला हवा. त्याचा कच्चा डेटा ठेकेदाराच्या संगणकात न ठेवता मालकाच्या ताब्यात, दोन वेगळ्या जागी जपायला हवा. खुणांच्या खांबांचे आकडे ग्रामपंचायतीच्या आणि पाटबंधारे खात्याच्या दप्तरात हवेत, म्हणजे पंधरा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी इंजिनीअरला ते सापडतील. साखर कारखान्यांच्या संचालकांना, बॅरेज सांभाळणाऱ्या अभियंत्यांना आणि शहादा-नंदुरबार परिसरातल्या अभियांत्रिकीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हा गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाला की पाऊस सुरू व्हायच्या आत धुराडं, मळीच्या टाक्या आणि तापीवरचे दोन्ही बॅरेज यांचा पहिला स्कॅन करून घ्या. खांबांसाठी मुरुमापर्यंतचे खड्डे त्याच्या आधी घ्यावे लागतील, ते काम आत्ताच सुरू करा.